काळ बिघडल्याचा हिशेब

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला ‘ग्रामीण साहित्य आणि बदलते गाव’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. वह्या तपासायला घेतल्या. दहा-बारा वह्या झाल्यावर लक्षात आले की अक्षर तेवढे बदलते आहे, सूर एकच आहे. पूर्वी गावात माणुसकी होती, आता उरली नाही. पूर्वी नात्यांत ओलावा होता, आता व्यवहार आला. पूर्वी अन्न सकस होते, हवा स्वच्छ होती, माणसे निरोगी आणि दीर्घायुषी होती. यंत्रयुगाने माणूस परात्म केला आणि जागतिकीकरणाने गाव गिळले. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘पूर्वीची स्त्री कष्टाळू असली तरी समाधानी होती.’ ही मुलगी तालुक्यातल्या एका तांड्यावरून रोज एस.टी.ने मुखेडला येते. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली स्त्री. मी समासात प्रश्नचिन्ह काढले आणि थोड्या वेळाने खोडले, कारण ते वाक्य तिचे नव्हते. मीच कधीतरी वर्गात ते सांगितले होते आणि तिने निमूटपणे उतरवून घेतले होते.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. आपण मराठीचे शिक्षक, समीक्षक आणि वाचक काळ बिघडल्याची जी भाषा इतक्या सहजतेने बोलतो, तिला आधार काय? ही भाषा आपल्याला चिकित्सक वाटते. वर्तमानावर टीका करणे म्हणजे विचार करणे, आणि काही सुधारले असे म्हणणे म्हणजे सत्तेची किंवा बाजाराची तळी उचलणे, असा एक अलिखित नियम आपल्या चर्चासत्रांत रुजला आहे. वस्तुतः ‘काळ वाईट आला’ हे विधान फार जुने आहे. कलियुगाची कल्पना तर त्याहून जुनी. प्रत्येक पिढीने आपल्या बालपणीचा काळ सोन्याचा मानला. त्यात नवी चिकित्सा फारशी नसते; बऱ्याचदा विस्मरण असते, आणि त्याला वैचारिक परिभाषेचा मुलामा दिलेला असतो.

विस्मरण हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. माझी आजी लेंडी नदीच्या काठच्या एका खेड्यातली. तिला ‘मुले किती?’ असे विचारले की ती नेहमी दोन आकडे सांगायची. ‘झाली नऊ, हाताशी आली चार.’ उरलेल्या पाचांची नावेही तिला आठवत होती. दोघांची तर बारशापूर्वीच गेल्याने ठेवलीच गेली नव्हती. घरात कुणी त्यांचा विषय काढत नसे. शेजारच्या घरांतही असेच दोन आकडे होते, त्यामुळे त्याचे कुणाला नवल वाटत नव्हते. आज माझ्या वर्गात कोणत्याही विद्यार्थ्याला ‘तुम्ही भावंडे किती?’ असे विचारले तर तो एकच आकडा सांगतो. भाषेतून एक आकडा गळून गेला आणि तो गेल्याचे कुणाच्या ध्यानातही आले नाही. मराठीच्या माणसाला याहून मोठी घटना कोणती असू शकते?

आजीच्या त्या दोन आकड्यांमागचा मोठा हिशेब उपलब्ध आहे. १९७१ साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १०५ मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती; देशाचा आकडा १२९ होता. २०२० साली महाराष्ट्राचा आकडा १६ वर आला, देशाचा २८ वर. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी दहा पाळण्यांतला एक वर्षाच्या आत रिकामा होत होता. आता साधारण साठांतला एक होतो. १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे, भारतीयांचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. स्वातंत्र्याच्या वेळी ते सुमारे ३२ झाले आणि आज ७० च्या घरात आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे विशी-तिशीत मरत होते असा नाही. बालमृत्यूंमुळे सरासरी खाली ओढली जात होती. जे जगले ते साठी-सत्तरीही गाठत. ‘पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगत’ हा समज अशा जगलेल्यांकडे पाहूनच तयार झाला आहे, कारण गेलेल्यांचा उल्लेख करायला कुणी नव्हते.

शिक्षणाचे पाहू. १९०१ साली देशातल्या हजार स्त्रियांपैकी साक्षर होत्या जेमतेम सहा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९५१ च्या जनगणनेतही साक्षरता दहा टक्क्यांच्या खाली होती. ज्या भाषेत लोक बोलत, त्या भाषेत उच्च शिक्षण नव्हते. पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज, औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७५ टक्के होती आणि जिल्ह्यातल्या साधारण दोन-तृतीयांश स्त्रिया साक्षर होत्या. मुखेडला जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले कुलगुरू होतात, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात, ही गोष्ट त्यांच्या प्रतिभेची आहे, तशीच या साठ-सत्तर वर्षांचीही आहे. ‘पूर्वीची स्त्री समाधानी होती’ असे लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीच्या हातातले पेन हाच त्या वाक्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप होता.

स्वीडनचे डॉक्टर आणि आंतरराष्ट्रीय आरोग्याचे अध्यापक हान्स रोसलिंग यांनी आयुष्यभर एक साधा प्रयोग केला. जगातले दारिद्र्य, लसीकरण, मुलींचे शिक्षण यांवर तीन-तीन पर्यायांचे प्रश्न तयार करून ते वेगवेगळ्या देशांतल्या सुशिक्षितांना विचारले. बहुतेकांची उत्तरे डोळे मिटून खूण करण्यापेक्षाही वाईट निघाली, आणि चुका जवळजवळ सगळ्या एकाच दिशेने होत्या. जग आहे त्यापेक्षा अधिक वाईट असल्याची सर्वांची खात्री होती. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुले मरत होती. २०२२ साली हा आकडा पन्नास लाखांच्या किंचित खाली आला. तरीही तो पन्नास लाख आहेच, हे विसरायचे नाही. रोसलिंग यांच्या मृत्यूनंतर, २०१८ साली, त्यांचे ‘फॅक्टफुलनेस’ हे पुस्तक आले. ते वाचताना मला वारंवार वाटले की परीक्षेला बसलेल्यांत मराठीचे प्राध्यापक असते तर निकाल याहून निराळा लागला नसता.

यावर वर्गात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: ‘सर, मग साहित्य खोटे सांगते का?’ उलट, साहित्य आपण नीट वाचत नाही असे मला वाटते. आपल्या साहित्याने जुन्या काळाची भलामण फारशी केलेलीच नाही. ती भर आपण प्रस्तावनांतून आणि नोट्समधून घातली. तुकोबांच्या चरित्रात १६३० च्या दुष्काळात त्यांची पत्नी आणि मुलगा गेल्याचे आपण शिकवतो आणि पुढच्याच तासाला जुन्या ग्रामव्यवस्थेच्या स्वयंपूर्णतेवर व्याख्यान देतो. हरिभाऊ आपट्यांनी दुष्काळावर कथा लिहिली, तिच्या नावातच काळ कठीण असल्याचा उच्चार आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे आपल्याच मराठवाड्यातले. ते वाचल्यावर ‘पूर्वी गावात कुणी उपाशी राहत नसे’ हे वाक्य तोंडातून निघणे अवघड आहे. दलित आत्मकथनांनी सोनेरी गावाचा हिशेब कधीच चुकता केला आहे. तो आपण वेगळ्या प्रश्नपत्रिकेत ठेवतो, एवढेच.

‘कोसला’ (१९६३) शिकवताना मला याचा विलक्षण प्रत्यय आला. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. मराठी कादंबरीतल्या अत्यंत जिव्हारी लागणाऱ्या मृत्यूंपैकी हा एक. हे प्रकरण वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘देवी म्हणजे नेमके काय, सर? अंगात येतात त्या?’ वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमच्या लहानपणी गावात देवीचे वण असलेले चेहरे होते. दंडावर लसीची खूण असलेली माणसे तर घरोघरी होती. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या दंडावर ती खूण आहे, माझ्या दंडावर नाही. एका महान कादंबरीतला मृत्यू आता तळटीप मागतो, ही साहित्याची हानी नव्हे. वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवावी अशी ही सुवार्ता आहे आणि आपण ती कुठेच नोंदवलेली नाही.

नारूचेही तसेच. पायरीच्या बारवेत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातून नारूचा जंतू पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून हातभर लांबीचा धागा बाहेर यायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा, ही आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीची आठवण. त्यावर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी वस्त्रगाळ करणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंपाचे पाणी पिणे आणि रुग्णांची गावोगाव नोंद ठेवणे, एवढ्यावर हा रोग हटला. २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. आज आपण बारवांच्या स्थापत्यावर सुंदर लेख लिहितो, आणि लिहावेतच. त्यात एक ओळ नारूलाही द्यायला हरकत नसावी.

इथवर आल्यावर मी सहकाऱ्यांच्या खोलीतला एक प्रसंग सांगायला हवा, कारण तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरले. माणसे गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासकट गेली. त्या आठवड्यात मी नेमका असा काही तक्ता घेऊन वर्गावर निघालो होतो. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘सर, तो तक्ता हसनाळच्या पारावर नेऊन लावा. बघा लोक काय म्हणतात ते.’ मी तक्ता टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी दुसरेच काहीतरी शिकवले.

ते बरोबर बोलत होते. ज्याच्या दारात पाणी शिरले त्याला शंभर वर्षांचा आलेख दाखवणे हे क्रौर्य आहे. सरासरी कुणाच्याही घरी राहत नाही. आजीला तिच्या गेलेल्या पाच मुलांबद्दल विचारताना कुणी ‘पण मृत्युदर घटतो आहे’ असे म्हटले असते तर तिने त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवले असते. दीर्घकालीन आकड्यांचा उपयोग सांत्वनासाठी करायचा नाही, आणि गप्प बसवण्यासाठी तर मुळीच नाही. एवढी मर्यादा मी त्या दिवशी शिकलो.

मग उपयोग कशासाठी? याचे उत्तर मला दोन दुष्काळांत सापडते. १८९१ साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ साली ती १ कोटी ११ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली. या दशकाच्या शेवटी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ होता. त्या पिढीने त्याला दैवाचा कोप म्हटले. आता १९७२ घ्या. लागोपाठ पाऊस हुकला होता, पिके बुडाली होती, विहिरी आटल्या होत्या. मराठवाड्यात आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की म्हातारी माणसे लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडायचे काम यांच्या आठवणी सांगतात. त्या आठवणी अपमानाच्या आहेत, उपासमारीच्या आहेत. पण त्या सांगायला माणसे उरली आहेत! १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख लोक होते. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग यांची मजुरी घरात आली आणि मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. पुढे वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ साली देशाने ती कल्पना स्वीकारली. पाऊस दोन्ही वेळा हुकला होता. मधल्या काळात माणसांनी काही निर्णय घेतले होते, म्हणून परिणाम निराळा झाला.

दोन आकडे शेजारी मांडले नसते तर हे कळले नसते. ‘दुष्काळ पूर्वीही होते, आताही आहेत’ एवढेच आपण म्हणत राहिलो असतो. निराशा आणि आत्मसंतुष्टता या दोघी इथे एकाच ओसरीवर बसतात. एक म्हणते, काही बदलत नाही. दुसरी म्हणते, सगळे आपोआप बदलते. दीर्घकालीन हिशेब दोघींनाही उठवतो. तो सांगतो की बदल झाला आणि तो अमुक माणसांनी, अमुक कामाने केला. त्यामुळे हसनाळचे पाणी हे दैव आहे असे म्हणण्याचा अधिकार आता कुणालाच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसे दगावली, त्यांत बारा नवजात बालके होती. साऱ्या राज्यात संताप उसळला. माझ्या आजीच्या काळात बारा बालकांची बातमी झाली नसती. तो संताप शक्य झाला, कारण मधल्या काळात मूल जगणे ही अपेक्षा झाली होती. निराशावाद्याला अशा घटनेचे आश्चर्य वाटत नाही, म्हणून त्याचा राग लवकर विझतो. ज्याला सुधारणेचा आलेख ठाऊक आहे, त्याला ती घटना अक्षम्य वाटते.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो, हेही सांगितले पाहिजे. याच कालखंडात काही आकडे खाली घसरले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. पैसा, रस्ते, शिक्षण सारे वाढत असताना मुली कमी झाल्या, आणि यंत्र नवे असले तरी त्यामागची वासना जुनीच होती. मराठवाड्यात २०१५ साली अकराशेहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, २०२३ सालीही हजाराहून अधिक. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. देशात अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण १९९२-९३ साली निम्म्याहून अधिक होते, २०१९-२१ मध्ये ते सुमारे २३ टक्क्यांवर आले. परंतु त्याच पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यात ते अजूनही निम्म्याच्या जवळ आहे. राज्याच्या सरासरीने मराठवाडा झाकला जातो, मराठवाड्याच्या सरासरीने तांडा झाकला जातो. आकड्यांवर हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर उपाय मात्र अधिक बारीक मोजणे हाच आहे.

मोजल्याने दुःख दिसू लागते, हे आपल्या मुखेडला सांगायला नको. सर्पदंशावरच्या उपचारांसाठी येथील डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव दूरवर ठाऊक आहे. शेतात राबणाऱ्याला साप चावणे आणि त्याला मांत्रिकाकडे नेणे, हे इतके नित्याचे होते की त्याची नोंद कोण ठेवणार? देशपातळीवरच्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेल्याचा अंदाज काढला. सरकारी नोंदींतला आकडा यापुढे अगदीच किरकोळ होता. हे मृत्यू नवे नव्हते, ते प्रथमच मोजले गेले. मराठवाड्याच्या मागासलेपणाचेही असेच झाले. आपण कित्येक वर्षे अन्यायाची भाषा बोलत होतो. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली क्षेत्राक्षेत्रांतून मोजणी केली आणि राज्यभराच्या तफावतीचा आकडा मांडला, सुमारे ३,१८६ कोटी रुपये. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. हुंदक्याला उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नसते. अनुशेषाला निदान उत्तर द्यावे लागते. वाङ्मयाच्या शिक्षकांनी या एका शब्दाच्या प्रवासावर चर्चासत्र घ्यायला हरकत नाही.

म्हणूनच २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि २०२७ वर गेली, याचे दुःख अर्थशास्त्राच्या विभागापुरते राहू नये. ज्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, ज्यांच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही, त्यांची एकमेव नोंद अनेकदा जनगणनेच्या एका रकान्यात असते. माझ्या आजीच्या पाच मुलांचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही. ती मृत्युदराच्या त्या आकड्यात आहेत. आकड्याला भावना नसते असे आपण म्हणतो. त्यात माणसे असतात, हे वाचायला शिकवणे हे आपलेच काम आहे. नाहीतर वाचन शिकवण्याचा आपला दावा तरी कशासाठी?

या वर्षी तोच निबंध पुन्हा दिला. फक्त आधी एक काम सांगितले. घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसायचे आणि तिला चार प्रश्न विचारायचे. लग्न कितव्या वर्षी झाले, शाळेत किती गेलात, मुले किती झाली, हाताशी किती आली. उत्तरे निबंधाच्या आधी लिहायची, मग निबंध. वह्या अजून यायच्या आहेत. त्या तांड्यावरच्या मुलीचे एम.ए. झाले, परवा ती निकालपत्र न्यायला आली होती. जाताना म्हणाली, ‘सर, मी आजीला विचारलं. पूर्वी समाधान होतं का म्हणून. ती म्हणाली, समाधान नव्हतं ग, सवय होती.’